विंटर टायर मराठवाड्यात घालायचे का? समृद्धीवर चढण्याआधी टायरचं काय बघायचं?

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की जर्मनी-कॅनडातल्या मराठी मंडळींच्या रील्स सुरू होतात. बाहेर बर्फ, अंगात जाडजूड जॅकेट आणि गॅरेजमध्ये गाडीचे चारही टायर बदलणं चाललंय. 'आज आमचे विंटर टायर बसले!' ती रील फॅमिली ग्रुपवर येते आणि इकडे संभाजीनगरात, दौलताबादेत, वैजापुरात कुणीतरी विचारतंच, 'आपल्या गाडीला पण घालायचे का रे? थंडी तर इकडेही पडते.'

उत्तर एका शब्दात आहे. नाही.

पण 'नाही' का, हे बघण्यासारखं आहे. ते कळलं की दौलताबादच्या माणसाने टायरबद्दल खरी काळजी कोणत्या महिन्यात करायला हवी, तेही कळतं. तो महिना डिसेंबर नाही, मे आहे.

विंटर टायर म्हणजे नक्की काय?

टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधा टायर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेला की त्याची रस्त्यावरची पकड कमी व्हायला लागते. विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही ते लवचिक राहतं. त्याच्या नक्षीत बारीक बारीक शेकडो चिरा असतात, त्या बर्फाला धरून ठेवतात. बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह छापलेलं असतं. ते असेल तरच तो खरा विंटर टायर.

जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा चिखलबर्फ असेल तर असे टायर लागतातच. नसतील तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर एक पॉइंट. ऑक्टोबर २०२४ पासून तर तिथे डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर चालतात. लोकांनी त्यासाठी सोपा नियम करून ठेवलाय, ऑक्टोबर ते ईस्टर. दसरा-दिवाळीच्या सुमारास घालायचे, ईस्टर झाला की काढायचे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे. म्हणजे स्टुटगार्टचा भाचा किंवा मॉन्ट्रियलची भाची रील टाकते तेव्हा ती हौस नसते, कायदा असतो.

आता दौलताबादचं बघू. इथे जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरला की पेपरात शेकोटीचे फोटो येतात. त्याच दिवशी दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. ७ अंशांच्या खालचा रस्ता एखाद्या पहाटे मिळाला तर मिळाला. उरलेल्या वर्षात हा मऊ टायर तापलेल्या रस्त्यावर अजून मऊ होतो. नक्षीचे ठोकळे वळणावर आणि ब्रेक मारताना हलतात, गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि टायर भराभर झिजतो. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी सुरक्षा विकत घ्यायची.

तसेही हे टायर इथल्या दुकानात सहज मिळत नाहीत. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये टायरची आयात परवान्याच्या चौकटीत आणली, त्यामुळे बाहेरून मागवणंही सोपं राहिलेलं नाही. गंमत अशी की टायर उद्योग या भागाला नवा नाही. वाळूज एमआयडीसीत गुडइयरचा कारखाना आहे. आणि भारतातल्या अपोलो टायर्सने २००९ मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन कंपनी घेतली, ती युरोपात विंटर टायरसाठी ओळखली जाते. भारतीय कंपनीला विंटर टायर विकता येतो, फक्त दौलताबादेत तो विकण्यात अर्थ नाही. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली, त्याचं पुढे काय झालं ते शाळेत सगळे शिकलेत. उत्तरेकडची सोय तशीच्या तशी इथे आणली की ती बसतेच असं नाही.

'मग मनालीला किंवा गुलमर्गला स्वतःची गाडी घेऊन गेलो तर?' हा प्रश्नही येतो. त्या चार दिवसांसाठी चार टायर विकत घेण्यात अर्थ नाही. बर्फ पडला की तिथली यंत्रणा फोर बाय फोर गाडी किंवा चाकाला साखळी मागते. तेव्हा साखळी भाड्याने घ्यायची, नाहीतर आपली गाडी खाली ठेवून तिथल्या ड्रायव्हरच्या गाडीने वर जायचं. दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा.

मग दौलताबादकरांचा टायरचा प्रश्न आहे कुठे?

तो आहे माळीवाड्याला.

काही वर्षांपूर्वीपर्यंत दौलताबादच्या कुटुंबाच्या गाडीचं आयुष्य सरळ होतं. किल्ल्याच्या तटबंदीतल्या जुन्या दरवाजातून एकेक करून निघणारी वाहनं, खुलताबादकडे चढणारा घाट, वेरूळला येणारे पाहुणे, संभाजीनगरच्या बाजाराच्या फेऱ्या. स्पीड ५०-६०. अशा वापरात टायर थोडा जुना असला, हवा थोडी कमी असली, तरी बहुतेक वेळा निभावून जायचं. पंक्चर व्हायचं, फार तर.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. दौलताबादला लागून असलेल्या माळीवाड्याला इंटरचेंज आला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. आता तीच गाडी, तेच टायर, घरातली तीच पाच माणसं, पण इंटरचेंज चढल्यावर दहा मिनिटांत काटा १२० वर. कारसाठी सपाट भागात तीच वेगमर्यादा आहे. न सिग्नल, न गतिरोधक, न चहासाठी मनात येईल तिथे थांबायची सोय. तास-दीड तास एकाच वेगात.

टायरच्या दृष्टीने हे दोन वेगळे देश आहेत. ६० वरून १२० वर गेलं की गाडीतली गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. साध्या सेडानला बसणारा १९५/६५ आर१५ मापाचा टायर १२० च्या वेगात सेकंदाला जवळपास १७ वेळा फिरतो, म्हणजे तासाला ६० हजार वेळा. प्रत्येक फेरीत टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो दबतो आणि वर गेल्यावर पुन्हा ताठ होतो. एखादी तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलं की ती गरम होते आणि शेवटी तुटते. टायरमध्येही काहीसं तसंच होतं. म्हणून टायर फुटण्यात सर्वांत मोठा हात रस्त्याच्या उन्हाचा नसतो, टायरच्या स्वतःच्या वाकण्यातून तयार झालेल्या उष्णतेचा असतो. वरून मराठवाड्यातलं मे महिन्याचं चाळिशीपारचं ऊन, म्हणजे ती उष्णता बाहेर टाकायलाही जागा कमी.

'उन्हाळा आहे, हवा थोडी कमी ठेवा'

टायरबद्दलचा हा सर्वांत लोकप्रिय सल्ला आहे आणि सर्वांत धोक्याचाही. पंक्चरच्या दुकानात मिळतो, मामा देतात, शेजारी देतात. तर्कही पटतो. उन्हाने हवा फुगणार, टायर फुटणार, मग आधीच कमी भरलेली बरी.

जरा हिशेब करून बघू. सकाळी २७ अंशांत टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरली. समृद्धीवर तासभर पळवून आतली हवा ६७ अंशांपर्यंत तापली असं धरू. हवेच्या दाबाच्या साध्या नियमाने दाब वाढतो साधारण ६ पीएसआयने. म्हणजे ३३ चे झाले ३९. आता टायरच्या बाजूला बारीक अक्षरात कमाल दाब लिहिलेला असतो. कारच्या टायरवर तो बहुतेक वेळा ४४ किंवा ५१ असतो. आणि तोही थंड टायरसाठी असतो, गाडी पळाल्यावरची वाढ कंपनीने आधीच धरलेली असते. धडधाकट टायर ३९ ला फुटत नाही. त्याच्या कितीतरी पुढे फुटतो.

आता उलटं करू. 'उन्हाळा आहे' म्हणून २५ भरले. टायर बसला. जमिनीला जास्त टेकला, प्रत्येक फेरीत साईडवॉल जास्त वाकली. तासाला ६० हजार वेळा जास्त वाकली. आतले दोरे आणि रबर यांची पकड सुटायला लागते. वेग फार असेल तर टायरच्या मागच्या बाजूला लाटच तयार होते, कारण एक घडी सरळ व्हायच्या आत दुसरी येते. मग तो फुटतो. त्याच्या चिंध्या बघून माणसं म्हणतात, 'बघा, उन्हाने हवा फुगली.'

म्हणजे ज्या उपायाने फुटणं टळेल असं वाटतं, तोच उपाय टायर फोडतो. आणि फुटल्यावर तोच समज पक्का होतो. हे चक्र तोडणं अवघड आहे, कारण पुरावा प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूने मोजला जातो.

दोन गोष्टी यालाच जोडून. एक, हवा गाडी थंड असताना मोजायची. निदान तीन तास उभी असलेली किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चाललेली. शंभर किलोमीटर आल्यावर पेट्रोल पंपावर ३८ दिसले म्हणून ५ काढून टाकले, तर थंड झाल्यावर तो टायर २८ वर येतो, आणि परतीचा प्रवास त्यावरच होतो. दोन, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो. त्यावर अनेकदा दोन आकडे असतात, दोन-तीन माणसांसाठी एक आणि गाडी भरलेली असताना दुसरा. लग्नाला निघालेली गाडी म्हणजे पाच माणसं, डिकीत आहेर, वर कॅरियरवर बॅगा. तेव्हा दुसरा आकडा बघायचा. तो बहुतेक घरांत कुणी कधी वाचलेला नसतो.

नायट्रोजनचं काय? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला तर हवा थोडी हळू उतरते, तोटा काही नाही. पण 'नायट्रोजन आहे, आता महिनाभर बघायला नको' हा जो निवांतपणा येतो, तो महाग पडतो. पंपावर साधी हवा फुकट मिळते आणि महिन्यातून दोनदा तपासलेली साधी हवा न तपासलेल्या नायट्रोजनपेक्षा बरी.

सिमेंटचा रस्ताच टायर खातो का?

समृद्धीवर टायर फुटण्याच्या बातम्या पहिल्याच उन्हाळ्यात यायला लागल्या आणि बोट सिमेंटकडे गेलं. समृद्धी बहुतांश काँक्रीटची आहे, हे खरं. पाण्याचा निचरा आणि पकड यासाठी काँक्रीटवर रेघा ओढलेल्या असतात, त्यामुळे टायर थोडा जास्त घासला जातो, हेही खरं. पण तापण्याचं म्हणाल तर काळं डांबर फिक्या काँक्रीटपेक्षा ऊन जास्त शोषतं. झिजलेला टायर काँक्रीटवर घेऊन गेलं तर दोष काँक्रीटचा नसतो. २०२३ च्या उन्हाळ्यात परिवहन विभागाने समृद्धीवर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली, गोटा झालेले टायर असलेल्या गाड्यांना अडवलं, ते याच कारणाने.

दुसरी बाजूही सांगायला हवी. टायरवर सगळं ढकलणंही सोयीचं असतं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. ड्रायव्हरने टायर फुटल्याचं सांगितलं. पहिल्या दिवसाच्या बातम्यांत तेच आलं. नंतर परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. सरळ, रिकाम्या, न संपणाऱ्या रस्त्यावर डोळे उघडे असताना डोकं झोपतं, त्याला महामार्ग संमोहन म्हणतात आणि समृद्धीच्या अपघातांच्या चर्चेत तो शब्द नंतर बराच आला. 'टायर फुटला' हे वाक्य अपघातानंतर लगेच पुढे येतं, कारण त्यात कुणाचाच दोष नसतो. तपासात मात्र प्रत्येक वेळी ते टिकत नाही.

टायर विकत घेताना काय वाचायचं?

टायरच्या बाजूला इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची जत्रा असते. त्यातल्या तीनच गोष्टी घरच्या गाडीसाठी कामाच्या आहेत.

पहिली, वय. 'डॉट' लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. दौलताबादसारख्या ठिकाणी, जिथे गाडी वर्षातले आठ महिने उन्हात उभी असते, तिथे जरा लवकरच होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर माहीतगाराला दाखवायचा, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर वापरायचाच नाही. गाडी कमी चालवणाऱ्या घरात हाच घोटाळा होतो. आजोबांची गाडी, आठ वर्षांत २५ हजार किलोमीटर, टायर नव्यासारखे दिसतात, म्हणून नातू समृद्धीवर घेऊन जातो. साईडवॉलवर बारीक भेगा असतील किंवा कुठे फुगवटा आला असेल तर ती गाडी माळीवाड्याच्या चढावर नेऊच नये. सेकंड हँड टायर घेताना तर आधी हे चार आकडे वाचायचे, मग भाव.

दुसरी, वजन आणि वेगाचा कोड. मापानंतर ९१ एच असं काही लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे त्या एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार चालतो, ८८ असेल तर ५६०. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा टायर, टी म्हणजे १९०, एस म्हणजे १८०. १२० ला यातला कुठलाही पुरतो, पण हवा बरोबर असेल तरच. दुकानदार स्वस्तात कमी भाराचा टायर देत असेल तर तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

तिसरी, नक्षीची खोली. कायद्याने कारला किमान १.६ मिलिमीटर लागते. नक्षीच्या खाचेत रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण पावसाळ्यात ३ मिलिमीटरच्या खाली गेल्यावरच टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा धोका वाढतो. म्हणून बदलायचेच असतील तर जूनच्या आधी. म्हणजे कडक ऊन आणि पहिला पाऊस, दोन्ही नव्या टायरवर निघतात.

स्टेपनीकडे कुणी बघत नाही. २०२० मध्ये नियम बदलला आणि ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलेल्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते असं ठरलं. अनेक गाड्यांत आता बारीक स्टेपनी येते, तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. ती लावून समृद्धीवर १२० ने जायचं नसतं, पुढच्या इंटरचेंजला उतरून दुकान शोधायचं असतं. आणि गाडीत असलेल्या स्टेपनीतली हवा शेवटची कधी बघितली होती, हे घरात विचारून बघा.

चालत्या गाडीचा टायर फुटलाच तर पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो रोखायचा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, वेग कमी होऊ द्यायचा आणि मग डावीकडे घ्यायची. सीट बेल्ट मागच्यांनीही लावलेला असेल तर या चार-पाच सेकंदांत फार फरक पडतो.

राहिला पैशाचा प्रश्न, कारण चार टायर एकदम घेणं प्रत्येकाला जमत नाही. दोनच घ्यायचे असतील तर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एकाच एक्सलवर. आणि ते मागे बसवायचे. बहुतेक दुकानांत गिऱ्हाईकच पुढे बसवा म्हणून आग्रह धरतं, कारण स्टिअरिंग पुढे असतं. पण पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाते, आणि वेग कमी केल्यावर ताब्यात येते. मागची चाकं घसरली तर गाडी गिरकी घेते आणि घरच्या ड्रायव्हरला ती सावरता येत नाही. चांगली पकड मागे हवी, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी.